केदारनाथसाठी तेलाच्या बाटल्या

शेजारचे चुडामणभाऊ शाळेतून निवृत्त झाले आणि केदारनाथ पायी चढायचं त्यांनी मनावर घेतलं. सवय व्हावी म्हणून दर सोमवारी पहिल्या बसने जाऊन आसीरगड चढून यायचे. गुडघे दुखतात म्हणून शोभावहिनी सोबत तिळाच्या तेलाची बाटली द्यायच्या. बाटली रिकामी परत यायची, गुडघे मात्र कोरडे.

आज वहिनींनी माझ्यासमोरच विचारलं, "तेल पिता की काय हो?"

"वर एक जण भेटतो. कपाळावर जखम आहे, भरतच नाही बिचाऱ्याची. मागतो, तर देतो."

माझ्या हातातली जपमाळ थांबली. जखमेसाठी तेल मागत फिरणारा आसीरगडचा अश्वत्थामा आपल्याकडे कोणाला माहीत नाही! वहिनी मात्र हसल्या. "घ्या! मास्तरांना साक्षात अश्वत्थामा भेटला!"

भाऊ हसले नाहीत. "केदारची वाट त्याला पाठ आहे. कुठं दम लागतो, कुठं पाणी मिळतं, सगळं सांगतो. देवळाचं विचारलं तर म्हणतो, मी गेलो तेव्हा देऊळ नव्हतं. परवा मी केदारला निघतोय, तर तोही येतोय माझ्यासोबत."

वहिनींचा चेहरा उतरला. "नका जाऊ," त्या हळूच म्हणाल्या.

भाऊ बूट पुसत राहिले. वहिनी उठून आत गेल्या आणि दोन भरलेल्या बाटल्या घेऊन आल्या.

"ही तुमच्या गुडघ्यांना. अन् ही त्याला द्या. म्हणावं, तेल पाहिजे तेवढं देईन, पण ह्यांना परत आणून सोड."