सुतकात बंद पडलेली गाडी

आत्यांच्या किडन्या गेल्यापासून आठवड्यातून दोनदा त्यांना बीडला डायलिसिसच्या मशीनवर न्यावं लागतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं गाव तेलगावपासून आत आहे. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही, पाय सुजून खांबासारखे होतात. घरची जुनी व्हॅन होती म्हणून निभत होतं. मग तीही चालता चालता बंद पडायला लागली.

खड्ड्यात आदळली की इंजिन गप. हॉर्न वाजायचा, दिवे लागायचे, पण इंजिन सुरू व्हायचं नाही. थोड्या वेळाने कधी आपोआप सुरू व्हायचं. ह्यांनी ती वडवणीच्या मिस्त्रीकडे नेली, तर तिथे तासभर सुरळीत चालू. मिस्त्रीने बॅटरीच्या वायरी घासल्या, प्लग बदलले, कॉईल बदलली. मग ह्यांना म्हणाला, "भाऊ, हॉर्न वाजतोय म्हंजे बॅटरी चांगली हाय. इंजनाचा करंट मधीच कुठंतरी तुटतोय. गाडी बंद पडल्याबिगर ते सापडंना, अन् माझ्यापुढं ही बंद पडंना. लई लाजाळू हाय. वहिनीवर गेली वाटतं."

मी मागच्या सीटवर पदर तोंडाला लावून बसले होते. हेही हसले.

एक जागा तेवढी त्याने उघडली नव्हती. समोर स्टेअरिंगजवळ परळीहून आणलेली वैजनाथाची लहान पिंड चिकटवली आहे. तिच्यामागे लाल लाईट. चावी फिरवली की ती लागते. तिची वायर पिंडीखालून आत जाते. मिस्त्री हात मागे घेऊन म्हणाला, "देव तुमी उचला. मी आज मटण खाऊन आलोय."

ह्यांनी मान हलवली. भावकीत चुलतसासरे वारले होते, आम्हाला सुतक होतं. घरच्या देवाला आम्ही हात लावत नव्हतो, तर गाडीतल्या देवाला कसा लावणार? "सुतक फिटल्यावर आणतो," हे म्हणाले. मलाही ते बरोबरच वाटलं.

पण त्याच आठवड्यात गाडी रस्त्यात अडकली आणि आत्यांची मशीनवरची एक खेप चुकली. डॉक्टरांनी बजावलं, आता पुढची चुकली तर पाणी छातीत चढेल.

पुढच्या खेपेला आम्ही लवकर निघालो. वडवणी मागे पडली आणि उसाच्या ट्रॅक्टरला वाट देताना आमचं चाक रस्त्याखाली उतरलं. इंजिन गप झालं. ह्यांनी आपली सीट उचलून खाली इंजिनाच्या हाताला लागतील त्या वायरी हलवून पाहिल्या. काही नाही. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती दुसरीकडे गेलेली. मी पहिल्यांदाच रस्त्यावर उभी राहून अनोळखी गाड्यांना हात केला. जीपगाड्या भरलेल्या होत्या, एकही थांबली नाही. पुढच्या सीटवर आत्या तोंडाने श्वास घेत होत्या. हे स्टेअरिंगवर डोकं टेकून म्हणाले, "आता काय करू गं?" ह्यांनी मला असं आधी कधी विचारलं नव्हतं.

"आरं," आत्या म्हणाल्या, "बंद पडायच्या आधी देवाची लाईट जाती."

"आई, गप पड. दम लागतोय तुला."

"मी जप करत समोरच बघत असते की. खड्डा आला की आधी लाईट जाती, मग इंजन."

ह्यांनी चावी फिरवली. लाल लाईट लागली नाही. हॉर्न दाबला, तो वाजला. हे पिंडीकडे बघत राहिले. हात पुढे नेला आणि मागे घेतला. "सुतक हाय, आई."

"मला न्हाई का? माझाच दीर गेलाय. त्याच्या मागं मला बी धाडतो का?" असं म्हणून आत्यांनी दोन्ही हातांनी पिंड हलवून हलवून उपटली आणि पदरात घेतली. "ह्याला काय सांगायचं ते मी सांगते. तू वायर बघ."

लाईट बसवणाऱ्याने इंजिनाकडे जाणारी वायर तोडून तिच्यातच लाईटची वायर पिळली होती. वरची चिकटपट्टी सुटून पीळ ढिला झाला होता. हादरा बसला की करंट तिथे तुटत होता. ह्यांनी दातांनी वायर सोलली, इंजिनाची दोन टोकं घट्ट पिळली, लाईटची वायर काढून टाकली. वर गुंडाळायला मी औषधाची पिशवी फाडून दिली. चावी फिरवली, इंजिन लागलं. आनंद करायला वेळ नव्हता.

बीडला दवाखान्यापुढे इंजिन बंद करायची ह्यांना हिंमत होईना. हे गाडीतच बसले. मी एकटीने आत्यांना धरून आत नेलं. त्यांच्या मशीनवर दुसरी बाई झोपली होती. सिस्टर म्हणाल्या, "उशीर केला तुम्ही. उद्या या."

परक्या माणसापुढे माझा आवाज फुटत नाही. मी दारातून हलले मात्र नाही. सिस्टरांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा तोंडातून एवढंच निघालं, "उद्यापर्यंत न्हाई टिकायच्या त्या."

सिस्टरांनी खाली वाकून आत्यांच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरून येईना. "बसवा त्यांना. हिचं झालं की घेते," त्या म्हणाल्या.

त्या बाईचं संपायला बराच वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. आत्यांच्या छातीतून घरघर येत होती, माझं सगळं लक्ष त्या घरघरीवर. मध्येच ती थांबल्यासारखी वाटली की मी त्यांचा हात दाबायचे. डोळे न उघडता त्या म्हणायच्या, "हाय गं, हाय."