बेसिनवरच्या तीन बाटल्या

मावशींच्या हाताखाली आलेल्या डोक्याला स्वतःविषयी काही लपवता येत नसे. सलूनच्या मागच्या भिंतीशी असलेल्या बेसिनवर त्या एकोणीस वर्षे इतरांचे केस धूत होत्या, आणि धुण्यापूर्वी डोळे मिटून केसांतून बोटे फिरवण्याचा त्यांचा शिरस्ता होता. मुळाशी बोटांना लागणारे तेल, शेंड्यांचा खरखरीतपणा, वारंवार रंगवून पोकळ झालेल्या केसांचा हलकेपणा, एवढ्यावर त्यांचा निर्णय होई. मग कडेच्या तीन पंपाच्या बाटल्यांपैकी एक पुढे येई: तेलकट केसांची हिरवी, कोरड्यांची पिवळी किंवा रंगवलेल्यांची जांभळी. नव्याने कामाला लागलेल्या मुलींना त्या बजावत, "शाम्पू टाळूला, कंडिशनर शेंड्यांना. उलटं केलंत तर संध्याकाळपर्यंत केस डोक्याला चिकटतील, आणि नाव माझं जाईल."

घरी नवरा तुळतुळीत टकलावरून हात फिरवत विचारी, "आणि आमचा प्रकार कोणता?"

"तुमचं फडक्यानं पुसायचं," हे उत्तर ठरलेले.

याच मावशींना गेल्या शनिवारी शाळेतल्या बाईंनी विचारले, "रागावू नका, पण हात थकले का हो तुमचे?" अकरा वर्षे दर शनिवारी येणाऱ्या या बाईंचे केस मुळाशी तेलकट, खाली कोरडे. अलीकडे मात्र ते झाडूसारखे राठ झाले होते, विंचरताना तुटत होते, टाळू खाजत होती. मावशींनी दर वेळी हिरवीच बाटली घेतली होती, कंडिशनरही बेतानेच लावले होते. चूक काही सापडेना. आठवडाभर भाजी निवडताना, चादरीची घडी घालताना त्या बोटांची टोके एकमेकांवर घासून पाहत राहिल्या.

आज त्या अर्धा तास आधीच पोहोचल्या. मागच्या खोलीत मालकीणबाई नरसाळे घेऊन बसल्या होत्या. समोर स्वस्तातल्या शाम्पूचा एकच पांढरा कॅन. त्यातून हिरवी बाटली भरली, मग पिवळी, मग जांभळी. प्रत्येकीत निराळ्या सुगंधाचे चार थेंब.

"हे कधीपासून चाललंय?"

मालकीणबाई दचकल्या, पण लगेच सावरल्या. "झाले चार महिने. अहो, वास वेगळा आहे ना! लोकांना तेवढंच कळतं."

"आणि मला?"

"तुम्हाला काय फरक पडतो, मावशी? तुम्ही फक्त धुवायचं."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने त्या डोळे मिटून प्रत्येक डोके पारखत होत्या, आणि त्या पारखण्याचा इथे निव्वळ पोरखेळ करून ठेवला होता. त्यांचे एकोणीस वर्षांचे नाव मालकीणबाईंनी लेबलासारखे बाटलीवर चिकटवले होते.

दहा वाजता शाळेतल्या बाई आल्या. त्यांनी मान बेसिनच्या खाचेत टेकवली आणि सवयीने डोळे मिटले. मावशींनी पाणी मनगटावर घेऊन पाहिले, केस भिजवले. हात हिरव्या बाटलीपर्यंत गेला आणि थांबला.

"बाई, डोळे उघडा. हात पुढे करा." त्यांनी तिन्ही बाटल्यांतला एकेक ठिपका बाईंच्या तळहातावर ठेवला. "चोळून बघा."

"वास सोडला तर... एकच वाटतंय."

"एकच आहे. माझे हात थकलेले नाहीत, बाई. चार महिने मी तुमच्या डोक्याला काय लावतेय, ते मलाच ठाऊक नव्हतं."

शेजारच्या खुर्च्यांतल्या दोघींनी माना वळवल्या. मालकीणबाई तरातरा आल्या. "गिऱ्हाइकासमोर ही काय नाटकं? इतकंच टोचत असेल तर उद्यापासून येऊ नका!"

"नाही येणार. पण डोकं ओलं आहे, तेवढं पुरं करून जाते."

"घ्या मग ती हिरवी आणि आटपा."

"त्यातलं काही या डोक्याला लागणार नाही."

त्यांनी बाटल्या कोपराने बाजूला सारल्या आणि नुसत्या कोमट पाण्याने टाळू चोळायला घेतली. बोटे मुळांपर्यंत रुतत होती, पाणी कडेवरून मालकीणबाईंच्या चपलांवर उडत होते.

"मावशी," बाई हळूच म्हणाल्या, "जरा हळू."

"हो." बोटे सैल झाली. आवळलेला जबडा मात्र शेवटचे पाणी ओतेपर्यंत सुटला नाही.