तळाची मूठ

सोनपेठकडच्या गावांत विहिरीत काही पडलं की लोक आधी देवाचं नाव घेतात. त्यानं काही झालं नाही की मग चंद्रभानचं.

चंद्रभान आता साठीला टेकलाय. चाळीस वर्षं तो लोकांच्या विहिरींत बुड्या मारतोय. सुटलेल्या मोटरी, घागरी, दोरखंड, एकदा एक मोटरसायकल, एकदा चालू स्थितीतलं शिलाई मशीन. मशीन विहिरीत कसं गेलं, हे त्या घरातल्या नवरा-बायकोनं विचारू दिलं नाही, आणि चंद्रभानचा तो स्वभावही नाही. पडलेली वस्तू वर आणायची आणि ज्याची त्याला द्यायची, एवढंच त्याचं काम.

या कामाचा एक रिवाज आहे. माणूस खरंच तळाला गेला की मधूनच माघारी फिरला, हे काठावरच्यांना कसं कळावं? म्हणून बुडी मारणाऱ्यानं वर येताना तळाचा मूठभर गाळ आणायचा आणि चारचौघांत मूठ उघडून दाखवायची. वस्तू सापडणं न सापडणं नशिबाचं, मूठ इमानाची. चंद्रभानची मूठ चाळीस वर्षांत एकदाही रिकामी आली नव्हती. उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं एक पेर मात्र गावातल्या दत्तरावच्या विहिरीत मोटरीच्या साखळीनं नेलं. खाली गेलेली तेवढी एकच वस्तू त्याला वर आणता आली नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. चंद्रभाननं पाण्याखालचं काहीही कधी पाहिलेलं नव्हतं. विहिरीच्या तळाला अंधार आणि गाळ. डोळे मिटायचे आणि हातानं बघायचं. दत्तरावच्या विहिरीत एक कासव आहे. पाणी स्वच्छ राहावं म्हणून दत्तरावच्या वडलांनी सोडलेलं. त्याच्या पाठीच्या डाव्या कडेला एक खाच आहे, हे चंद्रभानला ठाऊक होतं. ते रंगानं कसं आहे, हे मात्र ठाऊक नव्हतं. वीस-पंचवीस वर्षांची ओळख, पण हातावरची.

त्याची लेक राजनंदिनी मालवणजवळच्या एका वाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. मराठवाड्यातल्या मुली कोकणात शिकवायला जातात आणि बदलीची वाट बघतात. तिला वाट बघून अकरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात ती मासे खायला, मालवणी समजायला आणि बदलीची आशा सोडायला शिकली होती. जानेवारीत तिनं आईबापांना बोलावून घेतलं. "दादा, समुद्रात बुडी मारायची सोय हाय इथं," ती फोनवर बापाला म्हणाली.

बातमी स्टँडासमोरच्या माऊलीच्या हाटेलात आधी पोचली. चंद्रभान चहाला गेला तर दत्तराव वाटच बघत होता.

"समुद्राला चालायलास म्हणं?"

"लेक बोलवायलीय."

"बुडी मारणार का निसतं पाय धुऊन येणार?"

"पाय धुवायला गोदावरी हाय की घरापुढं."

"मंग मूठ आण," दत्तराव बशीत चहा ओतत म्हणाला. "समुद्राच्या तळाची. न्हाई आणलीस तर गटांगळ्या खाऊन आला म्हणणार आमी. काय माऊली?"

"आणतो," चंद्रभान म्हणाला.

हा शब्द त्यानं पाच माणसांसमोर दिला. गाव तेवढंच असतं. त्याच्या बायकोनं, बायनाबाईनं, लोणच्याची रिकामी बरणी दोनदा धुऊन, उन्हात वाळवून पिशवीत टाकली.

दोन एसट्या, एक रेल्वे आणि पुन्हा एक एसटी करून मंडळी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीवर बसण्याआधी एक अर्ज भरायचा होता. त्यात 'पोहता येते का?' असा प्रश्न होता. राजनंदिनीनं त्यावर खूण केली आणि तो प्रश्न बापाला वाचून दाखवला नाही. मग त्याला केशरी जाकीट घातलं. बुडू नये म्हणून असतं, असं कळल्यावर चंद्रभाननं विचारलं, "मग बुडायचं कसं?" बरोबर उतरणारा गौरेश पंचविशीतला मालवणी मुलगा होता. त्यानं जाकीट काढून पाठीला हवेची टाकी बांधली, डोळ्यांवर काच बसवली, तोंडात नळी दिली आणि दोन नियम सांगितले.

"काका, तोंडान श्वास घेवचो. आणि खाली कसल्याकच हात लावचो नाय. काय उचलूचा नाय."

पहिला नियम चंद्रभानच्या चाळीस वर्षांच्या श्रद्धेविरुद्ध होता. पाण्याखाली श्वास घेणं म्हणजे मरणं, हे त्याचं शिक्षण. नळी तोंडात धरून तो खाली गेला आणि आपला दम आवळून बसला. बुडबुडे येईनात. गौरेशनं खांदा हलवला, हातवारे केले, डोळे मोठे केले. दीड मिनिटानंतर चंद्रभाननं केवळ पोराचं मन राखायला एक श्वास घेतला. मग दुसरा. पाण्याखाली माणसाला दम लागत नाही, ही गोष्ट त्याला जराशी फसवणुकीची वाटली.

मग त्यानं डोळे उघडले.

पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे त्याच्या नाकापुढे उभे होते. उभेच, पळत नव्हते. वरातीतल्या पाहुण्यानं नवरदेवाकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत होते. खडकावर काहीतरी जांभळं हलत होतं, लिंबाएवढा एक मासा त्याला बघून रागानं फुगला आणि पपईएवढा झाला. चंद्रभानला वाटलं, म्हणजे आपल्या विहिरींतही इतकी वर्षं कोणीतरी आपल्याकडे बघत असणार, आणि आपणच डोळे मिटून घेत होतो.

तळ लागला तसा हात आपोआप वाळूत गेला. मूठ भरली आणि मिटली. गौरेशनं बोट हलवलं. चंद्रभाननं ते दिसलं नाही असं केलं. दत्तरावला तोंड दाखवायचं होतं ते त्याला, गौरेशला नाही.

आणि मूठ चालायला लागली.

आतून बारीक पाय तळहातावर फिरले आणि एक सणसणीत चिमटा बसला. चाळीस वर्षांत गाळानं कधी हरकत घेतलेली नव्हती. चंद्रभाननं मूठ उघडली. वाळू सांडली, उरला एक शंख. शंखातून खेकड्याचे तांबडे पाय बाहेर आले, मागून काड्यांवर बसवल्यासारखे दोन डोळे आले आणि ते चंद्रभानकडे टक लावून राहिले. शंख त्याचं घर होतं, आणि त्याला घरासकट उचललं होतं.

चंद्रभान त्या डोळ्यांकडे बघत राहिला. आजवर त्यानं पाण्यात पडलेलं वर काढून ज्याचं त्याच्या घरी पोचवलं होतं. हे पडलेलं नव्हतं. हे घरीच होतं.

त्यानं हात वाळूला टेकवला. खेकडा उतरला, दोन पावलं गेला, वळून पुन्हा एकदा बघितल्यासारखं केलं आणि दगडामागे गेला. दुसरी मूठ भरायला चंद्रभानचा हात धजेना. त्या वाळूत आणखी कोण नांदतंय, काय सांगावं?

तेवढ्यात वरून सावली आली. हिरवट-तपकिरी, बैलगाडीच्या चाकाएवढं कासव त्याच्या डोक्यावरून गेलं, काही घाई नसल्यासारखं. चंद्रभाननं सवयीनं डाव्या कडेला खाच आहे का ते पाहिलं. नव्हती. पण रंग कळला.

होडीवर चढताच त्यानं मूठ पुढे करून उघडली. रिकामी. कोणी बघितलंसुद्धा नाही.

"काका, तुमी पाण्यातच रवतास काय?" गौरेश विचारत होता.

"दादा, कसं वाटलं?" राजनंदिनीनं विचारलं.

"मूठ रिकामी आली, बाई."

"इथं कोण इचारतंय मूठ?"

"दत्तराव इचारंल."

बायनाबाईकडे तोडगा तयार होता. बरणी घेऊन ती किनाऱ्यावर वाकलीच होती. "आवं, वाळू वाळूच असती. हितली भरू की. त्यो काय वळखायलाय का?"

"ती काठाची हाय," चंद्रभान म्हणाला. "मी काठाला बुडी मारली न्हाई."

बरणीत शेवटी आमसुलं भरून आली.

हाताला चिमट्याचा लाल डाग होता. तेवढा तरी पुरावा, म्हणून वाटेत तो अधूनमधून डागाकडे बघत होता. गंगाखेड येईपर्यंत तोही मिटला.

माऊलीच्या हाटेलात तेच पाच जण होते.

"मूठ?" दत्तराव म्हणाला.

चंद्रभाननं हात टेबलावर ठेवून उघडला. सगळे वाकून बघायला लागले.

"रिकामी हाय," चंद्रभान म्हणाला. "भरली व्हती. जित्राब निघालं तिच्यात. घर व्हतं त्याचं. सोडून दिलं."

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. दत्तरावनं नुसती मान हलवली, ओळखीच्या माणसाच्या घरी कोणी वारल्यावर हलवतात तशी. "गटांगळ्या खाल्ल्या म्हण की, गड्या. वय झालं आता. आमी काय परके हाव का?"

चंद्रभान उठला. चहा अर्धा राहिला.

माऊली राजनंदिनीच्या वर्गातला. गल्ल्यावर बसून तो मोबाईल बघत होता. "थांबा हो काका," तो ओरडला, "नंदिनीनं स्टेटसला टाकलंय की." गौरेशनं पाण्याखाली काढलेला व्हिडिओ होता, वर कसलं तरी गाणं चढवलेलं.

दत्तरावनं चष्मा लावला. "तोंडावर काच, तोंडात नळी. ह्यो कोणीबी असंल. पार्डीचा सरपंच बी असंल."

मग पडद्यावर एक मूठ आली. वाळू सांडली, मूठ उघडली, शंखातून पाय निघाले. करंगळीशेजारचं बोट एका पेरानं आखूड होतं.

दत्तरावनं मोबाईल हातात घेतला. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर तो म्हणाला, "हे पेर माझ्या हिरीत हाय."

चंद्रभान अजून उभाच होता.

"बस," दत्तराव म्हणाला. "माऊली, त्याचा चहा गरम करून दे. न्हाई, दुसराच कर." आणि कोणाकडेच न बघता, "मूठ तळालाच दावलीस व्हय तू. बरं... अन् कासव बी दिसायलंय ह्यात. केवढं?"

"तुझ्या कासवाचा आजा शोभंल."

त्यानंतर पंधरवड्यात दत्तरावच्या विहिरीत मोटर सुटली. चंद्रभाननं मोटरीला दोर बांधला आणि वर आला. "मूठ राहू दे," दत्तराव काठावरून म्हणाला. चंद्रभाननं तरी उघडून दाखवली. काळा, गार गाळ होता. विश्वास विश्वासाच्या जागी, रिवाज रिवाजाच्या.

एक फरक मात्र झालाय. चंद्रभान हल्ली तळाला पाव मिनिट जास्त थांबतो. भरलेली मूठ अंगठ्यानं हळूहळू चाचपून, आत कोणाचा संसार नाही ना, याची खात्री करतो आणि मगच निघतो. तेवढा वेळ काठावरची माणसं वाकून त्याच्या नावानं हाका मारतात. चंद्रभानला ते सांगितलंय. तो म्हणतो, तुमी वर हाव, तुमाला काय घाई हाय?