हित्तलचा स्वातंत्र्यलढा आणि पहिलं डिकॉक्शन

त्या काळात दर थोड्या दिवसांनी जगाच्या पाठीवर कुठला तरी देश स्वतंत्र व्हायचा, आणि त्याची बातमी मल्लेश्वरमच्या आमच्या घरात रेडिओवरून सकाळच्या कॉफीच्या वेळी यायची. अण्णा, म्हणजे आमचे वडील, आरामखुर्चीत बसून पेला उंचावत म्हणायचे, "शाब्बास! सुटला बिचारा!" त्या देशाचं नाव त्यांना धड उच्चारता यायचं नाही, पण आनंद अगदी खरा असायचा.

त्यांच्या पेल्यात पहिलं डिकॉक्शन असायचं. ज्यांच्या घरी चहा होतो त्यांच्यासाठी सांगते. पितळी फिल्टरमध्ये पूड घालून उकळतं पाणी ओतलं की पहिल्यांदा जे काळंभोर, दाट उतरतं ते पहिलं. ते अण्णांचं. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतलं की दुसरं, ते आईचं, तेही सगळ्यांची आन्हिकं उरकल्यावर, उभ्या उभ्या आणि गार. आणि तिसरं, जे दुधात पडल्यावर दुधाला पत्तासुद्धा लागत नसे, ते माझं आणि अक्काचं. अक्का माझी थोरली बहीण. पहिल्या डिकॉक्शनचा एक घोट मिळावा, एवढीच तिची जीवनातली इच्छा होती. अक्काला हवं ते मला हवं, हे माझं तेव्हाचं परराष्ट्र धोरण.

एका सकाळी अण्णांनी "सुटला बिचारा!" म्हटलं, तेव्हा अक्काने विचारलं, "आणि आम्ही कधी सुटायचं, अण्णा?"

"तुम्हाला कुणी धरलंय?" अण्णा म्हणाले आणि शेवटचा घोट फुर्रकन ओढला. त्या आवाजाने आमच्या देशाचा जन्म झाला.

परसाला आम्ही कानडी शेजाऱ्यांसारखं हित्तल म्हणायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी हित्तलातल्या कपडे धुवायच्या दगडावर चढून अक्काने जाहीर केलं, "स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून नारळाच्या झाडापर्यंत हा देश आता स्वतंत्र आहे! पहिलं डिकॉक्शन ही आमची राष्ट्रीय संपत्ती!" माझा परकर काठीला लावून झेंडा केला होता. त्यावरचा हळदीचा डाग हे राष्ट्रचिन्ह. संरक्षणमंत्री मीच, त्यामुळे शेजारच्या आजी कुंपणावरून नुसत्या डोकावल्या तरी मी दगडामागे लपले.

मग अक्काने स्वयंपाकघरावर धाड घातली आणि फिल्टर पळवून आणला. म्हणजे अर्धा. वरचा. मुलींनी कॉफीच्या भांड्यांना हात लावायचा नाही हा घरचा कायदा, त्यामुळे डिकॉक्शन खालच्या भांड्यात साठतं हे राष्ट्राध्यक्षांना ठाऊकच नव्हतं. वरच्यात नुसती ओली पूड. तरी न डगमगता तिने न्हाणीघरातल्या हंड्यातलं ऊन पाणी आणून त्यात ओतलं. भांड्याच्या बुडाला भोकं. अख्खं दुसरं डिकॉक्शन तिच्या पायांवर उतरलं.

आतून अण्णांचं हसणं ऐकू आलं. "अगं, बंड मोडलं! आण कॉफी!"

आई उंबऱ्यावर उभी होती, हातात फिल्टरचं खालचं भांडं. तिने अण्णांच्या खुर्चीकडे पाहिलं, मग आमच्या झेंड्याकडे.

"काय गं," ती अक्काला म्हणाली, "तुमच्या देशात बसून कॉफी पिता येते?"

अक्का गडबडली. "येते की."

"गरम?"

"हो."

आईने पदर खोचला, दुधाचं पातेलं घेतलं, उंबरा ओलांडला आणि दगडावर चक्क मांडी घालून बसली. पहिल्या डिकॉक्शनची पेलाभर कॉफी तिने डोळे मिटून, मुळीच घाई न करता प्यायली. आम्ही दोघी आवंढे गिळत बघत होतो. लढा आम्ही जिंकला होता!

थोड्या वेळाने साम्राज्य रिकामा पेला घेऊन दारात आलं. "मला प्रवेश मिळेल का?"

"थांबा, पाणी ओतते," आई म्हणाली. दुसरं अक्काच्या पायांवर गेलेलं, म्हणजे अण्णांच्या वाट्याला तिसरं. त्यांनी एक घोट घेतला.

"स्वल्प पातळ आहे."

"सरी," आई कानडीत 'बरं' म्हणाली, पण हलली नाही.

मग अक्काने ऐटीत आपला पेला पुढे केला. आईने त्याच पुडीवर आणखी एकदा पाणी ओतलं.

"हे चौथं आहे!" अक्का किंचाळली.

"मग? मुलींना कडक कॉफी द्यायची का? रंग काळवंडतो."

"पण आई, आपण स्वतंत्र झालोय!"

"झालोय ना," आई म्हणाली. "पी आता. दूध गार होतंय."

त्याच संध्याकाळी अक्काने तुळशीमागची वीतभर जागा हित्तलपासून स्वतंत्र झाल्याची घोषणा केली आणि मला तिकडे बोलावलं. मी गेले नाही. चौथ्या डिकॉक्शनमध्ये आईने मला साखर जरा जास्त घातली होती.