तायडे मॅडमची खुर्ची

तायडे मॅडमना वर्गात खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला 'जागतिक अभ्यास' नावाचा नवा विषय आला होता आणि जळगाव जामोदच्या आमच्या कॉलेजात तो शिकवायला त्या तासिका तत्त्वावर आल्या होत्या. दर शनिवारी सेमिनार. ज्याचा सेमिनार असेल त्याने मॅडमच्या खुर्चीवर बसायचं आणि मॅडम आम्हा बारा जणांत, बाकावर. पण तिथेही त्यांना स्वस्थता कुठली! पाच मिनिटं या बाकावर, पाच मिनिटं त्या. मध्येच खिडकीशी, मध्येच दाराशी. बोलणाऱ्याची नजर त्यांच्यामागे फिरून दमून जायची.

त्या आमच्याच जिल्ह्यातल्या उंद्रीच्या. बोलणं तिकडचंच, आणि ते त्यांनी नोकरीसाठीही बदललं नाही. कुणी छापील बोलू लागलं की एकच प्रश्न यायचा, "कोनाले इचारलं?" पुस्तक चालायचं, इंटरनेटही चालायचं, पण त्याशिवाय एक जिवंत माणूस लागायचा. कापसाच्या व्यापारावर बोलणाऱ्याला त्यांनी जिनिंगमधल्या हमालाकडे पिटाळलं होतं. "जग काही इमानात बसून येत नाही," त्या म्हणायच्या, "ते तुह्या घरात आधीच येऊन बसलं असते. तूच त्याले पाणी इचारत नाही."

माझ्या वाट्याला विषय आला, आखाती देशांत कामाला गेलेली माणसं. माझे बाबा तेव्हा मस्कतला होते. आमच्या गावात, वडनेर भोलजीत, आम्ही सांगायचो की ते मोठ्या कंपनीत सुपरवायझर आहेत. खरं काय ते आईला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. दोन वर्षांत मी त्यांना फोनवर 'जेवलात का' यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

त्यात नेमक्या माझ्याच शनिवारी विद्यापीठाची समिती येणार होती. विषय पुढे चालू ठेवायचा की नाही ते ती ठरवणार, म्हणजे मॅडमचं कामही तिच्याच हातात. प्राचार्यांनी मला बजावलं, जरा शुद्ध बोल. मी मोबाइलवरून एक लेख उतरवून घेतला आणि घोकून घोकून पाठ केला.

घडाघडा म्हटला. समितीतले पुण्याहून आलेले एक सर मान डोलावत होते. मी संपवलं आणि मॅडम शेवटच्या बाकावरून उठल्या. मनात म्हटलं, आज नको, आजचा एक दिवस नको.

"कोनाले इचारलं?"

त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तिकडं तुह्या ओळखीचं कोनी नाही का?"

"नाही," मी म्हणाले. माझ्याच गल्लीतली माझी मैत्रीण समोर बसली होती. ती मान खाली घालून उगाच वही चाळू लागली.

मॅडम समितीकडे वळल्या आणि हा सेमिनार झाला नाही, ही मुलगी तो पुन्हा देईल, असं सांगून मोकळ्या झाल्या. प्राचार्यांचा चेहरा पडला. त्या दिवशी एक प्रश्न गिळला असता तर सगळं निभावलं असतं. त्या बाईला तो गिळता आला नाही, आणि तेव्हा मला त्यांचा रागच आला.

महिन्याभरात कळलं, विषय बंद. विद्यार्थ्यांची तयारी नाही, असा शेरा होता. मॅडम मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. शुक्रवारी बाबांना सुटी असायची, त्या दिवशी त्यांचा फोन आला आणि मी विचारलं, तुम्ही तिथे दिवसभर काय करता? आधी त्यांनी 'आई जवळ आहे का' असं विचारलं. मग ते बोलू लागले.

मॅडम गाव सोडून निघाल्या त्या सकाळी मी स्टँड गाठला. त्या फलाटावर येरझारा घालत होत्या, खांद्याला पिशवी, खाली ट्रंक, डोळे खामगाव गाडीच्या वाटेकडे.

"काऊन वो, कॉलेज नाही काय आज?"

"मॅडम, माहा सेमिनार राह्यला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पदराने ट्रंक पुसली आणि म्हणाल्या, "बस."

मी बसले.

"कोनाले इचारलं?"

"माह्या बाबाले."

मग मी सांगत गेले. ज्यांनी घरी कधी पाण्याचा पेला उचलला नाही, ते माझे बाबा मस्कतला मजुरांच्या खानावळीत पोळ्या लाटतात. जेवायला नेपाळचे, केरळचे, बांगलादेशचे लोक असतात. कोण सणाला काय मागतो, कोणाच्या घरी कोण वारलं म्हणून तो ताटावरून उठला, हे सगळं बाबांना पाठ आहे. आणि त्या पंगतीतला जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या गावी सुपरवायझर आहे.

तेवढ्यात खामगाव गाडी लागली. माणसं चढली, कंडक्टरने दोनदा हाक मारली.

"मंग?" मॅडम म्हणाल्या. "पुढं सांग."

गाडी निघून गेली. पाच मिनिटं एका जागी न टिकणारी ती बाई माझं बोलून होईपर्यंत ट्रंकेसमोर उभी होती, जागची हलली नाही.