दोन यायला पाहिजे तिथं शून्य

हसाल, माहीत आहे... मीही हसले असते. अंगात येणं, नजर लागणं असलं कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जाते. पण हे माझ्याच हातचं आहे, म्हणून लिहून राह्यले.

आमचं शेत तेलंगणात, बाजारहत्नूरजवळ. मी आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात खोली करून वेब डिझाइन शिकते. फवारणीच्या औषधावरची माहिती तेलुगूत, बाबांना ती वाचता येत नाही, आणि आमच्याकडे औषध मोजतात बाटलीच्या झाकणानं. म्हणून मी जावास्क्रिप्टमध्ये एक पान बनवून त्यांच्या मोबाइलवर टाकलं. औषध निवडा, बटण दाबा — चौकट उघडते आणि पाठीवरच्या एका पंपाला किती झाकणं ते सांगते. दोनदा वापरलं, दोन्ही वेळा बरोबर.

त्या सकाळी मी सुट्टीला घरी आले होते आणि तीन एकर पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारायचं होतं. बाबांनी बटण दाबलं. चौकटीत आलं — ०.

"काऊन वं, आता नुसतं पाणीच मारू का?"

अशी लाज वाटली मला! बांधावरच लॅपटॉप उघडला आणि मधला प्रत्येक आकडा दिसावा म्हणून कोडच्या प्रत्येक ओळीनंतर एकेक अलर्ट, म्हणजे तसलीच चौकट, टाकला. पंपाला औषध, मिलीत — ३०. झाकणात मावतं — १५. बरोबर! भागाकार — ०. अरे, शेंबडं पोर पण दोन सांगेल!

"राहू दे तुझं ते, मी टाकतो दोन," बाबा चिडले. मी पण हट्टी, बाटली हिसकावूनच घेतली. "पाच मिनिटं थांबा ना!"

तेवढ्यात आई जेवणाचा डबा घेऊन आली. बाटली पाहून ओरडलीच. "अवो, ही काऊन आणली? तणनाशकाचा डबा गळून राह्यला होता, म्हणून मीच ओतलं या रिकाम्या बाटलीत!"

तणनाशक... पऱ्हाटीवर! उभं पीक जळून गेलं असतं. आईला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी नवी बाटली आणली. हिशेब तोच, एक अक्षर बदललं नाही, आणि आलं — २. तेव्हापासून दोनच येतं. क्लासच्या सरांनी कोड दोनदा वाचला, चूक सापडली नाही. आणि बाटलीत काय आहे हे त्या पानाला कळणार तरी कसं? मी शिकवलं तेवढंच त्याला येतं.

बाबा गावभर कौतुक सांगून राह्यले. आता शेजारचे ते पान मागतात. मी टाळते. ते शून्य कुठून आलं मला आजही माहीत नाही... आणि उद्या कोणाच्या चुकीच्या बाटलीला ते दोन म्हणालं तर?