सतरावं टर्नस्टोन

एअर फोर्समधली माझी शॉर्ट सर्व्हिस २००८ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट म्हणून संपली आणि मी शारजाला परत आले. माझी शाळा इथेच झाली होती. काही महिन्यांत मंदी आली. बाबांची नोकरी गेली. आई-बाबा पुण्याला गेले, फ्लॅट सोडला, आणि मी दोन अनोळखी मुलींबरोबर एका खोलीत राहू लागले. माझी नोकरी टिकली. शारजापासून तासाभरावर, एका छोट्या धावपट्टीच्या कडेला शेड होती. तिथे टर्नस्टोन नावाचं दोन सीटचं इंग्लिश विमान बनत असे. मी क्वालिटी इन्स्पेक्टर होते. माझ्या सहीशिवाय विमान उडवायचं नाही, असा नियम होता.

त्या नोकरीला मी सर्व्हिसच धरते. कारण शेवटी विमानाच्या कामावर उरलेले आम्ही तिघेही फौजी होतो.

वॉरंट ऑफिसर कदम, निवृत्त, मूळचे कराडचे. रोज ०५१५ ला ते मला गाडीतून घेत. दुबईकडे जाणाऱ्या गाड्या समोरच्या बाजूला खोळंबलेल्या असत. आमची बाजू रिकामी. वाटेत आम्ही फारसं बोलत नसू. विमानाची ड्रॉइंग्ज इंचांत होती. त्यावर कदम एकदा म्हणाले, "मॅडम, इंग्रज गेला, पण इंच ठेवून गेला." मी हसले. त्या आठवड्यात मी तेवढंच हसले असेन.

तिसरे स्क्वॉड्रन लीडर हॅलम, रॉयल एअर फोर्स, निवृत्त, टेस्ट पायलट. वय एकसष्ट. टर्नस्टोन त्यांनी आणि त्यांच्या मित्राने इंग्लंडमध्ये, एका बंद पडलेल्या डेअरीत बनवलं होतं. पहिलं विमान मित्राने उडवलं. ते स्पिनमध्ये गेलं, गरगरत खाली आलं, आणि त्यातून बाहेर आलं नाही. त्यानंतर शेपटी चार इंच वर घेतली. पुढची तेरा विमानं तिकडे बनली. मग एका गुंतवणूकदाराने साचे इकडे आणले, पंधरावं आणि सोळावं इथे झालं. दोन नंबरपासून प्रत्येकाचं पहिलं उड्डाण हॅलम यांनी केलं होतं. एकदा चहा पिताना ते म्हणाले, "मित्र गेला त्या दिवशीच्या कागदावर माझी सही होती." मग त्यांनी विषय बदलला.

मंदीत ऑर्डरी रद्द झाल्या. एक फ्लाइंग क्लब सतरावं घ्यायला तयार होता, पण ते गुरुवारपर्यंत उडालेलं हवं होतं. उडालं तर आणखी चार. नाहीतर शेड बंद.

बुधवारी मी कागद तपासायला बसले. पंखांची कातडी, म्हणजे वरचं आवरण, ज्या अॅडहेसिव्हने चिकटवतात, त्याचा रोल उणे अठरावर फ्रीझरमध्ये ठेवावा लागतो, नाहीतर जोड हवेत सुटू शकतो. कदम रोज तापमान लिहीत, सुट्टीच्या शुक्रवारीही येऊन. एका शुक्रवारची जागा रिकामी होती, त्यावर लाल रेघ.

"हे काय, कदमसाहेब?"

"त्या दिवशी रूममेटला एअरपोर्टवर सोडायला गेलो, मॅडम. त्याचा व्हिसा खलास झाला होता. संध्याकाळी कळलं, दिवसा लाइट गेली होती. किती वेळ, ते वॉचमनलाही सांगता आलं नाही."

"आणि पंख?"

"रविवारी चिकटवले. त्याच रोलमधून."

एरवी अशा कामाबरोबर एक छोटा नमुना बनवून तोडून बघतात. नमुने करणारा माणूस आधीच घरी गेला होता.

मॅनेजर आत आले. "मॅडम, उणे अठरा लिख दो ना. शनिवार को उतना ही था."

कदम म्हणाले, "जो देखा नहीं, वो लिखता नहीं."

मी सही केली नाही. हॅलम यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ठीक आहे, फ्लाइट लेफ्टनंट. टॅक्सी तर करू शकतो, जमिनीवरच?" मी हो म्हणाले. ती माझी चूक होती.

गुरुवार, ०६४०. मी शेडच्या दारात हँडसेट घेऊन उभी होते. कदम शेजारी, हॅलम विमानात.

"शेड, सेव्हनटीन. चेक पूर्ण. धावपट्टीवर आहे."

"सेव्हनटीन, शेड. फक्त टॅक्सी."

"वारा समोरून आहे. विमान उत्तम आहे."

"सेव्हनटीन, सही नाही."

इंजिनाचा आवाज चढला. विमान ब्रेकवर थरथरत होतं.

"बोलत राहा, मॅडम," कदम म्हणाले.

मला बोलायला नेहमीच वेळ लागतो. तेव्हा लागला नाही. "सर, तुमच्यासारखी सही मला करायची नाही."

आवाज तसाच राहिला. मी आकडे मोजले. अकरावर इंजिनाचा आवाज उतरला.

"रॉजर. परत येतो."

शेडपाशी त्यांनी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ आत बसून राहिले. मी माफी मागायला गेले नाही.

क्लबने नकार कळवला. पुढच्या आठवड्यात हॅलम यांनी स्वतः डावा पंख कापला. जोड पक्का निघाला. कातडी फाटली, पण अॅडहेसिव्ह सुटलं नाही. मी उजव्या पंखावर खूण करायला खडू घेतला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू दे. गुरुवारी तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं."

उजवा पंख अखंडच भंगारात गेला. टर्नस्टोन पुन्हा बनलं नाही. कदम कराडला गेले. जाताना त्यांनी मला सॅल्यूट केला, पार्किंगमध्ये, लोकांसमोर. मला तो नीट परत करता आला नाही. मी दुसरी नोकरी धरली, त्याच खोलीत राहिले.

दोन वर्षांनी हॅलम यांच्या बहिणीचा ईमेल आला. मी कदमांना फोन केला. त्यांनी विचारलं, "कसे गेले?"

मी वाचून दाखवलं.

स्क्वॉड्रन लीडर हॅलम, टेस्ट पायलट. पंधरा टर्नस्टोन पहिल्यांदा हवेत नेली आणि पंधराही खाली आणली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या घरी, अंथरुणात, झोपेत गेले.